पट्टा थांबला की कोण चालत जातं?

औष्णिक वीज केंद्रात कोळसा वाहून नेणारा पट्टा मध्येच थांबला की कंट्रोल रूममधल्या पडद्यावर एक ओळ लाल होते: पुल कॉर्ड. पट्ट्याच्या कडेने, त्याच्या लांबीभर, एक दोरी ताणलेली असते. कुणाचा हात किंवा सदरा रोलरमध्ये ओढला जाऊ लागला तर जवळच्या माणसाने ती दोरी ओढायची. ठरावीक अंतरावर बसवलेल्या स्विचांपैकी एक पडतो आणि मोटर बंद होते. पडद्याला समजतं ते एवढंच. खरंच कुणी सापडलंय, की स्विचात कोळशाची भुकटी जाऊन तो उगाच पडला, हे पडदा सांगत नाही. नव्या जोडणीत कितव्या स्विचाने पट्टा थांबवला तो क्रमांक दिसतो, पण कारण तिथेही दिसत नाही. मग एक तंत्रज्ञ टॉर्च घेऊन पट्ट्याच्या कडेने चालत निघतो. पडलेला स्विच सापडला तरी तो लगेच उचलायचा नसतो. आधी आसपास माणूस नाही ना ते बघायचं, स्विच का पडला ते शोधायचं, कंट्रोल रूमला वॉकीटॉकीवर कळवायचं आणि मगच रीसेट करायचं.

“आता म्हणे मशिनीच सगळं करतात, माणसंच लागत नाहीत. मग पोराले आयटीआयत टाकून करू काय?” दहावीचा निकाल लागला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या आसपास, टेमुर्ड्यात, माढेळीत, शेगावात हा प्रश्न निघतोच. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर या चालत निघालेल्या तंत्रज्ञापाशी आहे. पट्ट्यावरची फावड्याची माणसं कमी होत गेली तरी याची गरज का उरली आणि असा माणूस घडतो कसा, हे जरा सावकाश पाहू.

वरोऱ्याला यंत्र आणि रोजगार यांचं नातं नवीन नाही. सरकारने इथे १८७१ साली कोळशाची खाण सुरू केली. वर्ध्याकडून रेल्वेचा फाटा या गावापर्यंत आला तो त्या कोळशापायी. १९०६ मध्ये खाण बंद झाली आणि कोळशाचा धंदा दक्षिणेकडे बल्लारपूरच्या बाजूला सरकला. आज गावाच्या एमआयडीसी परिसरात दोन खासगी औष्णिक केंद्रं आहेत: जीएमआरचं ६०० मेगावॉटचं, म्हणजे ३०० चे दोन संच, आणि वर्धा पॉवर या नावाने उभं राहिलेलं ५४० मेगावॉटचं, म्हणजे १३५ चे चार संच. शेजारी माजरी क्षेत्रात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खुल्या खाणी, भद्रावतीला आयुध निर्माणी, पुढे चंद्रपूरला महानिर्मितीचं २,९२० मेगावॉटचं केंद्र आणि त्याही पलीकडे राजुरा-कोरपन्याकडचे सिमेंट कारखाने. वरोऱ्याच्या मुलाला ‘जागतिक अर्थव्यवस्था’ शोधायला मुंबईला जावं लागत नाही. परदेशी बनावटीची यंत्रं त्याच्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहेत.

आता केंद्राच्या आत जाऊ. स्वयंचलित यंत्रणा म्हणजे नेमकं काय, हे एका तारेवरून कळतं.

समजा बॉयलरमधल्या वाफेचा दाब मोजायचा आहे आणि त्यासाठी लावलेलं उपकरण शून्य ते २०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब मोजू शकतं. या उपकरणाला ट्रान्समीटर म्हणतात. मोजलेला दाब तो तारेतून विजेच्या बारीकशा प्रवाहाच्या रूपात पाठवतो. दाब शून्य असेल तर ४ मिलिअँपिअर, २०० असेल तर २०. मधल्या १०० ला १२ आणि १५० ला १६. जगभरातल्या कारखान्यांत हाच ४ ते २० चा प्रघात आहे. शून्य दाबाला शून्यच प्रवाह का नाही ठेवला? कारण तार तुटली तरी प्रवाह शून्य होतो. मग ‘दाब नाही’ आणि ‘तार नाही’ यांत फरकच करता आला नसता. ४ पासून सुरुवात केली की शून्य दिसताच यंत्रणेला कळतं, बिघाड वाफेत नसून तारेत आहे. इतकी साधी आणि इतकी शहाणी युक्ती तंत्रज्ञानात क्वचितच सापडते.

असे शेकडो प्रवाह एका मध्यवर्ती यंत्रणेत येतात. वीज केंद्रात तिला डीसीएस म्हणतात. ती आलेले आकडे ठरवून दिलेल्या मर्यादांशी ताडून बघते, झडपा उघडते-मिटते, पंखे कमीजास्त करते आणि फारच बिघडलं तर संच बंद पाडते. पूर्वी दाबमापकाच्या तबकडीसमोर बसून वहीत दर तासाला आकडा लिहिणारा माणूस लागायचा. झडपेचं चाक फिरवायला दुसरा लागायचा. ही दोन्ही कामं गेली आणि ती परत येणार नाहीत. घरच्यांना वाटणारी भीती तेवढ्यापुरती खरी आहे.

पण पडद्यावर १५० दिसायला हवेत आणि १२० दिसताहेत असं झालं, तर? खरंच दाब कमी झाला, की ट्रान्समीटर खोटं बोलतोय, की तारेत कुठे गळती आहे, की यंत्रणेतलं ते कार्ड बिघडलंय? इथे माणूस लागतो. तो मीटर घेऊन तारेतला प्रवाह मोजतो. १६ मिलिअँपिअर आले तर ट्रान्समीटर बरोबर आहे, दोष पुढे कार्डाकडे किंवा जोडणीत. १३.६ आले तर ट्रान्समीटरच १२० सांगतोय. मग त्याच्यापर्यंत दाब आणणारी बारीक नळी तुंबली आहे का, ते बघायचं. पाइप, नळी, ट्रान्समीटर, तार, कार्ड, पडदा अशी साखळी असते आणि ती मधोमध तोडून तपासत जायची असते. वैद्य नाडी बघतो तसं म्हणा हवं तर, पण ही नाडी आकड्यांत लागते आणि हिशेब चुकला तर रोगीच बदलतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची. बॉयलरच्या ड्रममध्ये पाण्याची पातळी फार खाली गेली तर नळ्या जळतात, फार वर गेली तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनकडे जायचा धोका. म्हणून ती एका उपकरणाच्या भरवशावर सोडत नाहीत. तीन ट्रान्समीटर लावतात आणि तिघांपैकी दोघांनी धोका सांगितला तरच संच बंद होतो. एकट्याचं यंत्रणा ऐकत नाही. आता समजा तिघांपैकी एक आधीच बिघडून धोक्याचा आकडा दाखवतोय, आणि नवखा तंत्रज्ञ कुणाला न सांगता दुसऱ्याची वायर सोडवतो. यंत्रणेच्या हिशेबी दोघांनी कौल दिला. ३०० मेगावॉटचा संच धाडकन बंद. तो पुन्हा चालू करायला कित्येक तास जातात, तेल जळतं, वीज तर गेलीच. म्हणून उपकरणाला हात लावण्याआधी कंट्रोल रूमला फोन, परवानगी, नोंद, आणि मग स्क्रूड्रायव्हर. स्वयंचलन जितकं वाढतं तितकी माणसाची एक चूक महाग होत जाते. माणसं कमी लागतात, पण जी लागतात त्यांना जास्त कळावं लागतं.

हे ‘जास्त’ म्हणजे नवीनच काहीतरी असतं, असा एक समज आहे. तो फारसा खरा नाही. कारखान्यातल्या यंत्रांना क्रमाक्रमाने हुकूम देणारा छोटा संगणक असतो, पीएलसी. तो आला कसा ते पाहण्यासारखं आहे. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सला आपल्या कारखान्यातली रिलेंची, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांची, मोठमोठी कपाटं नकोशी झाली होती. गाडीचं मॉडेल बदललं की हजारो तारा पुन्हा जोडाव्या लागायच्या. १९६९ मध्ये डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉडिकॉन’ नावाचं यंत्र दिलं, त्यात तारांऐवजी आज्ञा बदलता येत. पण त्या आज्ञा लिहायच्या कशा? कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला संगणकाची भाषा येत नव्हती आणि त्याला वगळून कारखाना चालणार नव्हता. म्हणून आज्ञा रिलेच्या नकाशासारख्याच दिसतील अशा आखल्या: दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी. त्यांना लॅडर म्हणतात. यंत्राने कामगाराच्या भाषेपर्यंत यायचं, ही गोष्ट तिथे इतक्या सहज झाली की आज ती कुणाला आठवतही नाही.

म्हणजे ज्याला रिलेचा नकाशा वाचता येतो, त्याला लॅडर वाचता येतं. आणि रिलेचा नकाशा आयटीआयमध्ये शिकवतात.

तर आता आयटीआयकडे. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना केंद्र सरकारने १९५० मध्ये सुरू केली. राज्यात आज चारशेहून अधिक सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) आहेत, खासगी वेगळ्या. इथे विषयाला ‘व्यवसाय’ म्हणतात आणि त्यांची नावं अजून टिकलेली अस्सल मराठी आहेत: विजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी, संधाता. विजतंत्री, जोडारी, कातारी यांना दोन वर्षं लागतात, संधात्याला एक. प्रवेश राज्यभर ऑनलाइन, दहावीच्या गुणांवर. विजतंत्रीला दहावीत गणित-विज्ञान हवं. एका तुकडीत साधारण वीस मुलं, शिकवायला शिल्पनिदेशक. वर्षअखेरीस लेखी परीक्षा संगणकावर आणि प्रात्यक्षिक वेगळं. पास झालं की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं आणि ते देशात कुठेही चालतं. याच प्रमाणपत्रावर पुढे पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे बऱ्याच घरांना माहीत नसतं.

दोन वर्षांत काय होतं? पहिले काही महिने वरून फार कंटाळवाणे. कानशीने घासणे, तारेचे सांधे करणे, सोल्डरिंग, ओहमचा नियम, अर्थिंग. मुलं कंटाळतात, घरचे विचारतात “कॉम्प्युटर कधी शिकवतात?” पण नंतर प्लांटमध्ये जे दोष सापडतात त्यांतले बरेचसे सैल सांध्याचे, खराब अर्थिंगचे आणि ओलाव्याचे असतात. दुसऱ्या वर्षी मोटरी, वाइंडिंग, कंट्रोल पॅनेल, इन्व्हर्टर, मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह. या सगळ्यात मी एकाच पाठाला सर्वांत जास्त गुण देईन: स्टार-डेल्टा स्टार्टर.

मोठी मोटर एकदम चालू केली की सुरुवातीला फार मोठा प्रवाह ओढते. तो आवरायला तिची वेटोळी आधी ‘स्टार’ जोडणीत ठेवतात. तेव्हा लाइनमधला प्रवाह एक तृतीयांशावर येतो, अर्थात मोटरचा जोरही तितकाच कमी होतो. वेग आला की टायमर जोडणी ‘डेल्टा’त बदलतो आणि मोटर पूर्ण जोराने चालते. यासाठी तीन कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरीचे मोठे रिले, लागतात: मुख्य, स्टारचा आणि डेल्टाचा. शेवटचे दोन चुकूनही एकाच वेळी ओढले गेले तर सरळ शॉर्ट सर्किट. म्हणून स्टारच्या कॉन्टॅक्टरचा एक बंद संपर्क डेल्टाच्या कॉइलच्या वाटेत घालतात आणि डेल्टाचा स्टारच्या वाटेत. एक ओढला की दुसऱ्याची वाट तुटते. याला इंटरलॉक म्हणतात. फळीवर हे सर्किट ज्याने स्वतः जोडलं, एकदा चुकीचं जोडून फ्यूज उडवला आणि कागदावरचा नकाशा बोटाने धरत चूक शोधली, त्याच्या हाती अख्ख्या स्वयंचलनाची किल्ली आली. बॉयलरच्या पंख्यापासून सिमेंटच्या भट्टीपर्यंत सगळीकडे हेच असतं: अमुक चालू असेल तरच तमुक, हे असेल तर ते नाही. फक्त पायऱ्या तीनऐवजी तीनशे.

आयटीआयचे दोष सांगितले नाहीत तर हे वर्णन जाहिरात होईल. शिल्पनिदेशकांच्या जागा रिकाम्या राहतात. यंत्रसामग्री कुठे जुनी असते, आणि कुठे नवी असून बिघडेल या भीतीने कापडाखाली झाकलेली. वीस मुलांत एक मीटर फिरला तर बाकीची बघून शिकतात, आणि बघून इथे काही येत नाही. उपस्थिती कागदावर पूर्ण भरते. हे सगळं खरं आहे. तरीही मला आयटीआयचा कमकुवत दुवा वर्गात दिसत नाही. तो वर्ग संपल्यावरच्या वर्षात आहे.

त्या वर्षाला शिकाऊ उमेदवारी म्हणतात, आणि दहावीच्या मुलाच्या घरी मी एकच गोष्ट सांगू शकलो तर ती हिच्याविषयी असेल. व्यवसाय कोणता निवडायचा यावर घरात महिनाभर चर्चा होते. उमेदवारी कुठे करायची यावर कुणी बोलतच नाही. ‘जिथं लागली तिथं.’

कायदा १९६१ चा आहे, शिकाऊ उमेदवारी अधिनियम. २०१९ च्या नियमांनुसार ज्या आस्थापनेत ३० किंवा त्याहून अधिक माणसं काम करतात, तिने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. या मोजणीत कंत्राटी कामगारही धरतात. आयटीआय उत्तीर्णासाठी त्याच नियमांनी किमान विद्यावेतन दरमहा ७ हजार ठरवलं. काही कंपन्या जास्त देतात. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत यातला एक हिस्सा, २५ टक्क्यांपर्यंत आणि कमाल दीड हजार, सरकार उचलतं.

घडतं ते असं. उमेदवार शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नाव नोंदवतो. आस्थापना जागा काढते, निवड करते. महानिर्मिती, वेकोलि, आयुध निर्माणी अशा ठिकाणी यासाठी जाहिरात निघते. मग उमेदवार आणि आस्थापना यांच्यात करार होतो आणि तो पोर्टलवर नोंदला जातो. ही नोंद फार महत्त्वाची. ती नसेल तर वर्षभर केलेलं काम कायद्याच्या लेखी उमेदवारी ठरत नाही. आयटीआय झालेल्या विजतंत्रीला साधारण एक वर्ष. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय चाचणी आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. व्यवसाय प्रमाणपत्र वेगळं, हे वेगळं. नोकरीच्या जाहिरातीत बऱ्याचदा दोन्ही मागतात.

इथे एक गल्लत हमखास होते. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना दरमहा ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. पैसा उमेदवारीपेक्षा जास्त, काम बऱ्याचदा कार्यालयातलं. मुलं तिकडे वळतात, आणि त्यात चूक काही नाही, घरात पैसा लागतो. पण ती शिकाऊ उमेदवारी नव्हे, तिच्या शेवटी व्यवसाय चाचणी नसते. ८ हजार आणि ७ हजारांची तुलना करताना हे पारड्यात घालायला हवं.

उमेदवारीच्या वर्षात मुलगा किंवा मुलगी काय शिकते? पहिली गोष्ट, परमिट. वीज केंद्रात कुठल्याही मोटरीला कागदाशिवाय हात लावता येत नाही. देखभालवाला परमिट मागतो. चालवणाऱ्या विभागाचा माणूस ती मोटर ब्रेकरपाशी बंद करतो, ब्रेकर बाहेर ओढतो, कुलूप घालतो, लाल टॅग लावतो. मग तार मृत आहे का ते मीटरने तपासायचं, गरज असेल तिथे अर्थ करायचं आणि मगच काम. काम संपलं की परमिट परत, कुलूप काढणार तो ज्याने लावलं तोच. आयटीआयच्या फळीवर हे शिकवता येत नाही, कारण फळीला खरी भीती नसते.

दुसरी गोष्ट, नकाशे. प्लांटमधलं सर्किट पंचवीस पानांचं असतं. पान सातवरची तार पान एकोणीसवर निघते. टर्मिनलला नंबर असतात आणि प्रत्यक्षात त्यांतले निम्मे नंबर कोळशाने पुसलेले. जुना तंत्रज्ञ हे पान न उघडता सांगतो आणि नवख्याने त्याच्यामागे फिरून ते टिपून घ्यायचं. यात उद्धटपणा चालत नाही आणि फार भिडस्तपणाही नाही. “भाऊ, हे इथून कुठं जाते?” हे दिवसातून दहा वेळा विचारता आलं पाहिजे.

तिसरी, वेळ. मध्यरात्रीच्या पाळीत पंप बंद पडला तर चार जण एकाच वेळी चार कारणं सांगतात. अशा वेळी सुटे भाग बदलत सुटायचं नाही, आधी मोजायचं. ही सवय वर्गातून येत नाही, पाळीतून येते.

आणि चौथी, जी कुठल्याच अभ्यासक्रमात नसते: कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता नाही. बेअरिंग जाण्याआधी बोलतं. आता कंपनं मोजणारे सेन्सर आले आहेत, ते आठवडाभर आधी इशारा देतात. पण तो सेन्सर सैल झाला म्हणून कंपन दाखवतोय की बेअरिंग खरंच जातंय, हे मोटरीवर हात ठेवून बघणारा अजून लागतोच.

हे सगळं सांगताना वरोऱ्याच्या माणसाला आनंदवनाची आठवण येणं साहजिक आहे. ते चालवणाऱ्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला लागून ज्या माळरानावर कुष्ठरुग्णांसोबत काम सुरू केलं तिथे शिकणं आणि उत्पादन वेगळं काढलंच नव्हतं. कुष्ठरोगात बोटांची संवेदना जाते. तापलेलं किंवा धारदार काही हाती आलं तरी कळत नाही, जखम होते आणि दिसेपर्यंत चिघळते. अशा हातांनी विणकाम, सुतारकाम, शेती करायची तर मुठी बदलाव्या लागतात, काम छोट्या टप्प्यांत फोडावं लागतं, दिवसाअखेरी तळवे डोळ्यांनी तपासावे लागतात. ज्याला जे जमतं तो टप्पा त्याच्याकडे. शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठी तिथलं संधिनिकेतन व्यवसाय शिकवतं. कौशल्य विकासाच्या सरकारी भाषणांत आनंदवनाचं नाव सेवेच्या रकान्यात येतं. प्रशिक्षणाच्या रकान्यात का येत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

खाणींकडे जरा भरभर बघू, कारण तिथे चित्र वेगळं आहे. भूमिगत खाणीत कोळसा टोपल्यांनी डब्यात भरणारे लोडर असत. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर हळूहळू त्यांची जागा कोळसा उपसणाऱ्या यंत्रांनी घेतली, आणि उत्पादनाचा मोठा भाग खुल्या खाणींकडे गेला. तिथे शॉवेल, डंपर आणि ड्रिल. खाणीत पाऊल टाकण्याआधी व्यावसायिक प्रशिक्षण घेतलंच पाहिजे, असा १९६६ च्या नियमांचा दंडक आहे. मात्र मातीकाम मोठ्या प्रमाणावर कंत्राटाने होतं. डंपर चालवणारा खाणीच्या वेतनश्रेणीत नसतो, कंत्राटदाराच्या हजेरीत असतो, आणि कंत्राट संपलं की दुसऱ्या राज्यात. गडचिरोलीत आणखी पुढची पायरी दिसते. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एटापल्लीच्या रस्त्यांवर धावत होते. आता हेडरीहून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी आली आहे. खनिज दळून, पाण्यात मिसळून पंपाने ढकललं जातं. रस्त्यावरचा भार हलका होतो हे चांगलंच. पण ट्रकमागे एक चालक लागतो, आणि नळवाहिनीला लागतात ते पंप, दाब आणि प्रवाह समजणारे थोडे लोक. चालकाचं काम गेलं आणि पंपाचं आलं, तरी ते त्याच चालकाच्या हातात आपोआप येत नाही. मधलं वर्ष-दोन वर्षांचं शिक्षण कुणीतरी द्यावं लागतं, आणि तेवढे दिवस त्याचं घर चालावं लागतं.

अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांबद्दलही लोक विचारतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. तीन महिन्यांत एखादं ठरावीक काम येऊ शकतं: सौर पॅनेल बसवणं, शिलाई, मोबाइल दुरुस्ती. आधीच हात बसलेल्या माणसाला नवी जोड द्यायला हे उत्तम आहे. विजतंत्रीला तीन महिन्यांत पीएलसी शिकवता येतं, आणि खरं तर तेच शिकवावं. पण कोऱ्या पाटीवर फक्त पीएलसी लिहिलं तर पडद्यापुढे बसलेला मुलगा तयार होतो. पट्ट्याच्या कडेने चालत जाणारा होत नाही.

आणि येऊ घातलेल्या प्रकल्पाच्या भरवशावर काही शिकू नये, हे या भागाला वेगळं सांगायला नको. भद्रावतीजवळ निप्पॉन डेन्रोच्या वीज प्रकल्पासाठी नव्वदच्या दशकात शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. तो प्रकल्प उभा राहिलाच नाही. अमुक कंपनी येणार म्हणून तिच्याच यंत्रावरचा कोर्स करण्यापेक्षा ४ ते २० मिलिअँपिअर बरा. तो कुठल्याही कंपनीत तोच असतो. कोळशाचंही असंच. वीज केंद्रं आज आहेत, आणखी तीस वर्षांनी किती असतील कोण सांगणार. पण सौर प्रकल्पातही इन्व्हर्टर, ब्रेकर, अर्थिंग आणि परमिट असतंच.

उमेदवारी संपल्यावर पुढे काय? खरं सांगायचं तर सगळ्यांत खडतर टप्पा हाच. उमेदवारी दिली म्हणून नोकरी देण्याचं बंधन आस्थापनेवर नाही. बहुतेकांची सुरुवात कंत्राटदाराच्या हाताखाली होते. तिथे पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी सांभाळाव्यात: भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, हजेरीची नोंद आणि कोणत्या विभागात काय काम केलं याचं पत्र. हे पत्र फुकटचं वाटतं, पण विद्युत पर्यवेक्षकाच्या परवान्यासाठी अर्ज करताना अनुभवाचा पुरावा म्हणून तेच लागतं. तारतंत्रीचा परवाना आधी, पर्यवेक्षकाचा नंतर. उच्च दाबाच्या कामावर सही करायची तर हा दुसरा हवाच. बॉयलरकडे वळणाऱ्यासाठी बॉयलर अटेंडंटची परीक्षा वेगळी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनी वीजनिर्मिती केंद्रात काम करणाऱ्या अभियंते-तंत्रज्ञांना ठरावीक प्रशिक्षण सक्तीचं केलं आहे. त्यासाठी नागपुरात राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण प्रतिष्ठान आहे.

बाहेरची वाटही आहे. आखाती देशांतल्या कंपन्या प्रत्यक्ष काम करून दाखवायला सांगतात, आणि त्या चाचणीत स्टार-डेल्टा अजूनही विचारतात. दहावी उत्तीर्णाच्या पासपोर्टला स्थलांतर मंजुरीची अट लागत नाही, म्हणून दहावीचं प्रमाणपत्र पासपोर्टच्या अर्जाबरोबर जोडायला विसरू नये. भरती करणाऱ्या एजंटची नोंदणी १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली असावी लागते आणि ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नाव टाकून बघता येते. पैसे देण्याआधी बघावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. पहिल्या टप्प्यात १० हजार तरुणांची भाषा त्यात होती, विजतंत्रीही त्या यादीत आहेत. तिथे जायचं तर आधी जर्मन शिकावी लागते. मल्टिमीटर तिथेही तोच, पण परमिटवर काय लिहिलंय ते वाचता यायला हवं, आणि रात्रपाळीत फोनवर सांगता यायला हवं की तिघांपैकी कोणत्या ट्रान्समीटरला आपण हात लावतोय.